भिंतीमागचा समुद्र

छंदांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. काही छंद मनुष्यास विसावा देतात, आणि काही त्याला चाकरीस ठेवतात. टपालाची तिकिटे जमविणारा गृहस्थ महिनाभर परगावी गेला तरी त्याची तिकिटे रुसत नाहीत. गुलाबांची बाग करणाऱ्याला फार तर शेजाऱ्याची मनधरणी करावी लागते. परंतु ज्याने घरात समुद्र पाळला आहे, त्याला रजा अशी नाहीच. 'समुद्र पाळणे' हे शब्द मी विनोदाने वापरीत नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविण्याच्या धंद्यातून सवड काढून, आपल्या घराच्या तळमजल्यावर खरोखरच एक समुद्र पाळला आहे. खरा समुद्र तेथून घाट उतरून शंभरएक किलोमीटरवर आणि साडेपाचशे मीटर खाली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या साहसाची कल्पना येईल.

दिवाणखान्यातून पाहणाऱ्यास दिसते ती काचेची एक भिंत. हौद बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच आहे. त्यात सुमारे चार हजार लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन चार टनांवर जाते, आणि समोरच्या काचेवर त्याचा एकूण रेटा दीड टनाच्या घरात असतो. पाऊण इंच जाडीची काच हा भार निमूटपणे सोसते. आत जांभळट झाक आलेले खडक, त्यांच्या कपारींतून डोकावणारे पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि वरून पडणारा निळसर उजेड. पाहुणे 'वाहवा' म्हणतात, मुले काचेला नाक लावतात, आणि तेवढ्यात चहा येतो. मला मात्र तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, पाहुणे सगळे इकडून बघतात. तुम्ही मागून या."

मागे दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली आहे, आणि खरा समुद्र त्या खोलीत आहे असे माझे मत झाले आहे. हौदाच्या काठावरून ओसंडणारे पाणी नळाने खाली एका दुसऱ्या टाकीत उतरते. या टाकीला शौकीन लोक 'संप' म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला या शब्दाने भलतीच आठवण होते. आणि खरोखरच तेथील पंपाने संप पुकारला तर मालकाला ताबडतोब वाटाघाटीस बसावे लागते! शेजारी माणसाच्या उंचीचे एक नळकांडे उभे आहे. त्यात बारीक बुडबुड्यांचा फेस चढत असतो, आणि पाण्यातील मळ त्या फेसाला चिकटून वरच्या भांड्यात काळपट होऊन साठतो. किनाऱ्यावर लाटा फुटून जो फेस होतो त्याचेच हे घरगुती रूप. त्याच्या पलीकडे पाणी पंचवीस अंशांवर राखणारे शीतयंत्र, कारण दिव्यांच्या व पंपांच्या उष्णतेने पाणी तापत असते. कोपऱ्यात नळाचे पाणी गाळणारी यंत्रणा. पवना धरणाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी समुद्र करण्यास ते आधी कोरे करून घ्यावे लागते. मग दर लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार. दोन्ही टाक्यांचे मिळून पाच हजार लिटर धरले तर हा हिशेब पावणेदोनशे किलोंवर जातो. आणि ते क्षार म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे, त्यात चुना, मॅग्नेशियम, पोटॅश हे सारे प्रमाणात असावे लागते. उन्हाळ्यात रोज दोन-तीन बादल्या पाणी हवेत उडून जाते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची.

या खोलीतील सर्वांत कष्टाळू नोकर मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो त्यांना विषासमान. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. त्यांची वस्ती नीट रुजावयास महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर हौद भरलेला असूनही त्यात मासा सोडता येत नाही. चार हजार लिटर स्वच्छ पाण्याकडे सहा आठवडे नुसते पाहत बसणे, हा तरुण कारखानदाराच्या शिक्षणाचा भाग पुष्कळ महाविद्यालयीन अभ्यासक्रमांहून मोलाचा मानावा लागेल.

या छंदाचा इतिहास इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिलिप हेन्री गॉस यांच्या साहाय्याने सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी या विषयावरील त्यांचे पुस्तक निघाले. त्यासरशी काचेच्या हौदांची लाटच इंग्लंडात उसळली. गॉस हे धर्मनिष्ठ आणि समुद्रजीवनाचे निस्सीम भक्त होते. परंतु त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फादर अँड सन' या ग्रंथात जी कैफियत मांडली आहे ती विसरण्याजोगी नाही. बापाने ज्या खडकांतल्या डबक्यांचे प्रेमाने वर्णन केले, तीच डबकी ती पुस्तके वाचून आलेल्या हौशी संग्राहकांनी ओरबाडून ओस पाडली. सौंदर्याची ओळख करून देणाऱ्याच्याच हातून त्या सौंदर्याचा नाश ओढवावा, याहून करुण विपर्यास कोणता?

हाच प्रश्न माझ्या विद्यार्थ्यापुढेही उभा राहिला. त्याला करावयाची होती ती प्रवाळभित्ती. आणि प्रवाळावाचून प्रवाळभित्ती म्हणजे दगडांचा ढीग. आपल्याकडे २००१ सालापासून भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे जे संरक्षण वाघाला तेच या इवल्याशा जीवांना. तरीही एक व्यापारी त्याच्याकडे आला होता. जिवंत प्रवाळाचे तुकडे रात्री घरपोच करीन, बभ्रा होणार नाही, असे त्याचे म्हणणे. हौद तयार, पाणी तयार, यंत्रे तयार, पैसाही तयार. पोरगा दोन दिवस अस्वस्थ होता. मग त्याने व्यापाऱ्यास नकार कळविला आणि आपल्या कारखान्याच्या आवारात सिमेंट, वाळू आणि जाड मीठ कालवून स्वतःच खडक ओतावयास घेतले. पाण्यात टाकले की मीठ विरघळते आणि खडकाला भोके पडतात. सिमेंटचा चुनखार उतरावा म्हणून ते खडक त्याने कित्येक आठवडे पाण्यात भिजत ठेवले. आज त्यांवर जांभळे शैवाल चढले आहे. "प्रवाळही चुन्याचेच घर बांधते, सर, मीही चुन्याचेच बांधले. फक्त माझे मेलेले आहे," असे तो म्हणाला.

ज्या ठिकाणी ते घर जिवंत आहे ते आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक विस्तीर्ण पठार आहे. त्याच्या माथ्यावर वीसएक मीटर पाण्याखाली प्रवाळांची वस्ती आहे, आणि त्याला नाव आहे कान्होजी आंग्र्यांचे — आंग्रिया बँक. मराठी आरमाराच्या सरखेलाचे नाव धारण करणारे हे वैभव पाहिलेला मराठी माणूस विरळाच. तेथे शीतयंत्र नाही, पंप नाही, वीजबिल नाही. पण समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या अंगातील शैवाल निघून जाते आणि ते पांढरेफटक पडते. लक्षद्वीपने हा आघात १९९८, २०१० आणि २०१६ या तीन साली सोसला. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी असे चौथे जागतिक संकट जाहीर केले. घरातल्या समुद्राचा एक अंश उतरविण्यास काय पडते हे त्या खोलीत कळते. बाहेरच्या समुद्राचा एक अंश उतरविणारे यंत्र कोणत्याही कारखान्यात होत नाही.

हे मला पुस्तकांतून ठाऊक होते; पण मनावर ठसले ते गेल्या मे महिन्यातील एका गुरुवारी. आमच्या भागात गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा, म्हणून वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही वार. दुपारी वीज गेली, आणि जनरेटर काही केल्या सुरू होईना. पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. मी गेलो तेव्हा घरातील सारी माणसे हौदाभोवती होती. कोणी बर्फाने भरलेल्या बाटल्या पाण्यात सोडीत होते. कोणी तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा हौदात ओतीत होते, कारण तेवढ्यानेच त्यात हवा मिसळते. त्याची ऐंशी वर्षांची आई स्टुलावर बसून लोटीने तेच करीत होती. मीही बाह्या सारल्या. पाच तास आम्ही सहा माणसांनी लाटेचे काम केले. दोन मासे गेले, बाकीचे वाचले. मालवणच्या खाडीवर एक वारा रात्रभर जे काम कोणी न सांगता करतो, त्यापायी आमचे खांदे दुसऱ्या दिवशी उचलवेनात.

वीज आल्यावर पंप घुमू लागले, आणि म्हातारीने लोटी खाली ठेवली. लग्न होऊन ती मालवणहून नवऱ्याच्या कारखान्यातील नोकरीपायी या बाजूस आली, त्याला साठ वर्षे होत आली. हौदाकडे बराच वेळ पाहून ती मुलाला म्हणाली, "दर्या बरो आसा रे, पण हेका भरती खंय येता?"

तो काही बोलला नाही. त्या खोलीत उष्णतेला उत्तर आहे, मळाला उत्तर आहे, विजेलाही आता दुसऱ्या जनरेटरचे उत्तर आहे. चंद्राचे काम करणारे यंत्र मात्र नाही. दिवाळीत तो आईला घेऊन मालवणला गेला. जाताना खोलीची किल्ली आणि एक वही त्याने माझ्या हवाली केली. चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाण्याची घनता १.०२५ आहे ना ते पाहिले, फेसाचे भांडे धुतले, गोड्या पाण्याची भर घातली आणि वहीत आकडे लिहिले. तेथे दिवाणखान्यातच माझे अंथरूण होते. पहिल्या रात्री पंपांचा आवाज चालू आहे की नाही हे ऐकण्यासाठी मी तीन वेळा उठलो.