कूर्मदासांचा निरोप

माउली, हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आळंदीला आणि देहूला दिंड्या गोळा होऊ लागल्या असतील. तंबूंच्या दोऱ्या, पखवाजाची शाई, तुळशीवृंदावन घेणाऱ्या मायबहिणींची गडबड, हे सारे मला इथे बसून दिसते आहे. त्या दिवसांत मी रुग्णालयाच्या खाटेवर असेन आणि माझ्या उजव्या पायात गुडघ्याचा सांधाच नसेल. आपण घाबरू नये. मीही हे प्रथम ऐकले तेव्हा घाबरलो होतो. आता समजून घेतले आहे, म्हणून आपल्यालाही सांगतो.

माझे वय ७४. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो, माधुकरी मागून जेवलो, आणि पुढे पंचेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. ‘उभा राहिलो’ हा शब्द मुद्दाम वापरतो. प्रवचन बसून होते, कीर्तन उभ्यानेच करायचे असते. एका सप्ताहातून दुसऱ्या सप्ताहात, दोन-दोन तास, फरशीवर, मातीवर, कधी पावसाने भिजलेल्या सतरंजीवर उभे राहायचे. त्यावर वारीची चाल. गुडघे झिजले याचे नवल नाही.

दीड वर्षापूर्वी, मार्गशीर्षात, पहिली शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे ‘वाटी बदलली’ असे म्हणतात, पण बदलतात ती नुसती वाटी नव्हे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक तासून त्यांवर धातू बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती घालतात. दुसऱ्याच दिवशी मला वॉकर धरून चालवले. दीड महिन्यात काठीवर आलो. चैत्रात काठीही कोपऱ्यात गेली. भेटायला येणारा म्हणे, “महाराज, माउलींची कृपा.” मीही मान डोलवी. मनात मात्र कृपेचा हिशेब वेगळा होता. आता आषाढी चालायची आणि श्रावणात सप्ताह घ्यायचे, असे मी ठरवून टाकले होते.

आषाढात उजवी दाढ सुजली. लवंग धरली आणि दुर्लक्ष केले. मला मधुमेह आहे, हेही सांगून ठेवतो. कीर्तनकाराचा मधुमेह म्हणजे गावोगावच्या पंगतींची ठेव. काल्याच्या दिवशी यजमान ताटाशी उभा राहून “महाराज, एकच पुरणपोळी” म्हणतो. आपण नको म्हणत नाही, आणि त्याला त्याची भक्ती म्हणतो.

श्रावणात गुडघा गरम लागू लागला. रात्री ठणके. संध्याकाळी बारीक कणकण येई. शस्त्रक्रियेनंतर बरा झालेला गुडघा सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तापतो, याचा अर्थ काहीतरी आत चालले आहे, एवढे कळण्याइतकी अक्कल मला होती. पण तीन सप्ताह घेतलेले होते. पत्रिका छापल्या होत्या. मी कुणालाच सांगितले नाही. वेदनाशामक गोळ्या घेतल्या. औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या मुलाकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. पाच दिवस घेतल्या की बरे वाटे, महिन्याने पुन्हा तेच. दोघातिघांनी “महाराज, खुर्ची ठेवतो, बसून करा” असे सुचवले. मी हसून म्हणालो, “देव विटेवर उभा आणि मी खुर्चीत बसू?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या गोड लागल्या.

श्रावण ते माघ. सहा महिने मी हे लपवले.

माघात एका गावी काल्याचे कीर्तन संपले. हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला वाटला गेला, लोक पाया पडू लागले. आपल्या संप्रदायात पाया पडणाऱ्याच्या उलट पाया पडायचे असते. लहान-मोठा, जात-पात पाहायची नसते. माझा गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्या दिवशी मी नुसता उभा राहून नमस्कार घेत होतो. माझे जुने विणेकरी रांगेतून आले, वाकले आणि तिथेच थांबले. हळूच म्हणाले, “बुवा, धोतर ओलं झालंय.” खाली पाहिले. गुडघ्याशी पिवळसर डाग होता. जुन्या व्रणाच्या शेजारी बारीक छिद्र पडून आतून पाणी वाहत होते.

मग मात्र मुलाने काही ऐकले नाही.

डॉक्टर तरुण, मितभाषी. रक्ताच्या दोन तपासण्या केल्या, ईएसआर आणि सीआरपी. दोन्ही वाढलेल्या. सांध्यातले पाणी सुईने काढून त्यात कोणता जंतू आहे ते पाहायचे होते. त्याआधी त्यांनी विचारले, “कुठल्या गोळ्या घेतल्या का?” मी दुकानातल्या गोळ्यांचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आता दोन आठवडे काही घ्यायचं नाही. नाहीतर जंतू तपासणीत सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही.” म्हणजे मी शहाणपणा म्हणून केले, त्याने चोराला लपायला जागाच करून दिली होती.

जंतू सापडला. डॉक्टरांनी समजावले ते असे. जिवंत हाडामासात रक्त पोचते, म्हणून औषध पोचते. धातूत रक्त नाही. जंतू धातूवर एक बुळबुळीत थर धरतात आणि त्याखाली बसून राहतात. औषध वरून जाते, थराखाली नीट पोचत नाही. लवकर कळले तर सांधा उघडून, धुऊन, मधली चकती बदलून धातू वाचवता येण्याची शक्यता असते. महिने लोटले की ती शक्यता मावळते. मग बसवलेले सगळे काढावे लागते.

म्हणून आता दोन शस्त्रक्रिया. पहिलीत सगळा धातू काढून, खराब झालेला भाग खरवडून, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतील. त्यातून औषध आतल्या आत झिरपत राहते. जोडीला साधारण सहा आठवडे शिरेतून औषध. रक्ताच्या तपासण्या ताळ्यावर आल्या, जंतू गेल्याची डॉक्टरांची खात्री पटली, की दुसरी शस्त्रक्रिया. तीत नवा सांधा बसेल. त्याच्या दांड्या हाडात अधिक खोल जातात, कारण वरचे हाड आधीच खर्ची पडलेले असते. मधल्या काळात त्या पायावर पुरता भार द्यायचा नाही. एवढे करूनही जंतू पुन्हा येणार नाही, अशी हमी नाही. तसे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांना मनोमन दंडवत घातला.

चूक कुणाची, असे घरात निघाले. हा संसर्ग शंभरात एखाद-दोघांना होतो, उत्तम रुग्णालयातही होतो. माझ्या बाबतीत तो दाढेतून रक्तावाटे गेला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. खात्रीने कुणी सांगू शकत नाही. संसर्ग झाला तो माझ्या हातात नव्हता. सहा महिने लपवले, ते माझ्या हातात होते.

एक गृहस्थ भेटीला आले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “महाराज, एवढी सेवा केलीत, तरी पांडुरंगानं असं का करावं?” असा प्रश्न मला शेकडो वेळा कीर्तनानंतर विचारला गेला आहे आणि मी त्याला शेकडो वेळा उत्तर दिले आहे. देहाला देहाचे भोग आहेत. तुकोबारायांच्या घरातली माणसे दुष्काळाने नेली, ती काय नामात कमी पडली म्हणून? उत्तर आजही खरे आहे. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेना. रात्री ठणका सुरू झाला की शास्त्र आठवत नाही, माउली. मनात एकच येई. आता नको. पाय असाच राहू दे. जन्मभर गोळ्या घेऊन संसर्ग दाबून ठेवण्याचा मार्ग डॉक्टरांनी सांगितला होता. सांधा कायमचा ताठ जुळवून टाकण्याचाही होता. ७४ व्या वर्षी दोनदा कापून घ्यायचे ते कशासाठी?

अशा रात्री मला कूर्मदास आठवले.

कूर्मदासांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पैठणचे भक्त, हात नाहीत, पाय नाहीत. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि पोटावर सरपटत निघाले. मजल दरमजल करीत लऊळपर्यंत आले. एकादशी तोंडावर आली, पंढरी अजून दूर. मग वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप पाठवला, आणि देव स्वतः भेटीला निघाले. वाटेत अरणला सावता महाराजांच्या पोटी देव लपले, ती लीला याच प्रवासातली. लऊळ आणि अरण, दोन्ही माढा तालुक्यात. लऊळला कूर्मदासांची समाधी आहे.

ही कथा मी किती वेळा सांगितली, त्याला गणती नाही. सरपटण्याचे वर्णन आले की माझा आवाज चढे. खडे पोटात रुततात, रक्त येते, मुखात नाम. पखवाजवाला बरोबर तिथे थाप वाढवी. मायबहिणी पदर डोळ्यांना लावीत. मग मी घाईघाईने पुढे जाई, कारण श्रोत्यांना देव यायला हवा असे. निरोपाचा भाग अर्ध्या वाक्यात उरके: “मग त्यांनी निरोप पाठवला आणि…”

खाटेवर पडल्या-पडल्या मी त्या अर्ध्या वाक्याशी थांबलो. कूर्मदासांनी त्या दिवशी काय केले? वाटेने चाललेल्या अनोळखी माणसांना हाक मारली आणि सांगितले, माझ्याने आता पोचणे होत नाही, माझे एवढे काम करा. सरपटणे त्यांच्या एकट्याच्या बळावर होते. निरोपाला मात्र दुसऱ्याचे पाय लागले. त्यांनी ते मागितले. लाज धरली असती, दात-ओठ खाऊन तसेच सरपटत राहिले असते, तर वाटेतच देह पडला असता आणि आपण त्याला निष्ठा म्हटले असते. मी श्रावणात तेच केले. खुर्ची नाकारली आणि निष्ठा म्हटले. ‘माझ्याने होत नाही’ हे चार जवळच्या माणसांना मला सांगता आले नाही. शरणागतीवर मी पंचेचाळीस वर्षे निरूपण केले आहे!

फाल्गुनात एका रात्री लघवीला उठायचे होते. रोज भिंत धरून जाई. त्या रात्री प्रथमच सुनेला हाक मारली, “जरा धर गं.” ती क्षणात आली. मी म्हणालो, “झोपेतून उठवलं तुला.” ती म्हणाली, “मामा, झोपले होते कुठं? तुमची काठी वाजली की रोज जागी होते, तुम्ही परत येऊन पडेपर्यंत.” मी कुणाला त्रास नको म्हणून हाक मारत नव्हतो, आणि ती बिचारी रोज जागत होती. लपवण्याने कुणाचाच त्रास वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितले, दोन्ही शस्त्रक्रिया करू. पायात जंतू घेऊन बसणे मला मानवणार नाही, आणि खोलीपासून मोरीपर्यंत आपल्या पायाने जाता यावे, एवढीच आता इच्छा. वारी चालेन, उभे राहून कीर्तन करीन, असे काही बोललो नाही. तो हट्ट पहिल्या खेपेला झाला. दाढ काढून घेतली. साखर आटोक्यात आणायला दोन महिने लागले. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ठीक आली, तेव्हाच डॉक्टरांनी तारीख दिली. पुरणपोळी हात जोडून परत पाठवायला शिकलो. यजमान रागावत नाही, असे आता कळले.

भीती गेली का? नाही. परवा संमतीचा कागद सही करताना हात कापला. पण या वेळी भीती वाटते असे मुलाला सांगितले, आणि त्याने नुसता हात धरला.

माउली, आपल्यात गुडघे बदललेले पुष्कळ आहेत, वर्षागणिक वाढत आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. बदललेला गुडघा पुन्हा गरम झाला, सुजला, ठणकू लागला, ताप आला किंवा व्रणातून थेंबभर जरी पाणी आले, तर त्याच दिवशी घरात सांगा आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना दाखवा. तेल चोळू नका, दुकानातून गोळ्या आणू नका. दाढ, पायाची जखम, लघवीची जळजळ अंगावर काढू नका. साखर सांभाळा. सप्ताह पुढे ढकलता येतो.

आणि पंढरीला जाणाऱ्यांना एक विनंती. चंद्रभागेत स्नान करून महाद्वारी पोचलात, नामदेव पायरीशी वाकलात, की माझाही निरोप सांगा. एवढेच सांगा की अमुक गावचा म्हातारा कीर्तनकार यंदा येत नाही, त्याच्याने होत नाही. तू इकडे ये, असे म्हणायची माझी योग्यता नाही. नुसते कळवा.

आणि परत जाताना वाट वाकडी करून घरी आलात, तर पाया पडू नका. मला उलट वाकता येणार नाही. शेजारी बसा, हरिपाठ म्हणू.

राम कृष्ण हरी.