सिरीजचा बल्ब

2013 सालचा जून होता. आदलं वर्ष आमच्या सोलापूर जिल्ह्यानं दुष्काळात काढलं होतं. मृगाचा पहिला पाऊस नुकता पडून गेला होता आणि मी अण्णांना पुण्याला डॉक्टरकडं घेऊन चाललो होतो. दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. आधी नुसती कपबशी वाजायची. मग शर्टाचं बटण लागेना. ते त्यांनी आईकडून लावून घेतलं, कुणाला सांगितलं नाही. पण हातातली तार स्लॉटमध्ये बसेनाशी झाली, तेव्हा मात्र स्वतःच फोन केला, "येऊन जा एकदा."

अण्णांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मंगळवेढ्याच्या अलीकडं, रस्त्यालगत, दहा बाय बाराचा गाळा. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, करपलेली तांब्याची वेटोळी छिन्नीनं तोडून ओढून काढायची, नव्या तारेचे वेढे मोजून बसवायचे, वार्निश पाजायचं, वाळवायचं. आमच्या अंथरुणांना, दप्तरांना, दिवाळीच्या करंज्यांनासुद्धा त्या वार्निशचा वास असायचा.

मोटारी जळायच्याही भरपूर. शेतीची लाईट रात्री यायची, व्होल्टेज कमी, तिनातला एक फेज गायब. शेतकरी ऑटोस्विच लावून घरी झोपलेला. मोटार जागेवरच हुं हुं करत तापायची आणि सकाळपर्यंत जळून जायची. फ्यूजनं वाचवावं, तर किटकॅटमध्ये कुणीतरी जाड तारेचा पीळ घातलेला. अण्णा म्हणायचे, "लोकं फ्यूजला जाड तार लावत्यात म्हणून आपली चूल पेटती." आणि तरीही दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीबरोबर बारीक तारेचं एक वेटोळं गिऱ्हाइकाच्या हातावर फुकट ठेवायचे. "हीच लाव. पुन्हा उडाली तर जाड लावू नगं, का उडाली ते बघ."

सुट्टीत माझ्याकडं एकच काम असायचं, तारेच्या टोकांचं वार्निश ब्लेडनं खरवडायचं. वाइंडिंगची तार दिसायला उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. तो निघाल्याशिवाय जोड लागत नाही. पोरं विहिरीत मुटके मारायची आणि मी गाळ्यात बसून तारा खरवडायचो. त्या कामाचा मला इतका कंटाळा की दहावीनंतर कॉमर्सला गेलो आणि पुण्यात नोकरीला लागलो. अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या वाटणीच्या तारा तेव्हापासून तेच खरवडत राहिले.

निघताना आईनं डिकीत ज्वारीचं पोतं ठेवायला लावलं. मालदांडी. मंगळवेढ्याच्या माणसानं पुण्यात ज्वारी विकत घेऊन खावी, हे तिला पटत नाही. शेंगांची पिशवी, लोणच्याची बरणी, वर हे पोतं. डिकीत जागा नव्हती. मी गुडघा लावून पोतं डाव्या कोपऱ्यात रेटलं आणि झाकण दाबून बसवलं.

आणखी एक ओझं माझ्याजवळ होतं. ते कुणालाच माहीत नाही, असं मला वाटत होतं. अण्णांचा गाळा भाड्यानं द्यायचा म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी एका मोबाईलवाल्याकडून वीस हजार रुपये डिपॉझिट घेऊन ठेवलं होतं. अण्णांना विचारलं नव्हतं. डॉक्टरनंच 'काम बंद करा' म्हटलं की आपल्याला बोलायची वेळ येणार नाही, असा माझा हिशेब.

पंढरपूर सोडून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलो. करकंबच्या पुढं एका पत्र्याच्या टपरीवर चहाला थांबलो. संध्याकाळ झाली होती, आभाळ भरून आलं होतं. मी विषय काढला, "अण्णा, हात बरा झाला तरी आता दुकान बास करू."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला. "मोटार काय नुसत्या हातानं बांधत्यात व्हय?" एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मलाही राग आला. गाडी जोरात मागं घेतली आणि रस्त्याला लावली. शंभर पावलं गेलो नसू, पाऊस सुरू झाला. माझ्या बाजूची काच खाली होती. बटण दाबलं, काच हलेना. एसी बंद. समोर बघितलं तर मीटरचा काटा शून्यावर पडलेला, पेट्रोलचाही काटा तळाला. गाडी मात्र पळत होती, हेडलाईटही लागत होता. डॅशबोर्ड तेवढा मेला होता.

गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजचा डबा असतो एवढं मला ठाऊक होतं. झाकणावरचं चित्र मोबाईलच्या उजेडात बघून मीटरचा फ्यूज उपटला. लाल, दहा अँपिअरचा. आतली तार तुटलेली. डब्यात एक जादा लाल फ्यूज होता, तो घातला. काटे उठले, काच वर गेली. मी जरा ऐटीतच म्हणालो, "झालं!"

अण्णा म्हणाले, "का उडाला?"

"उडतात अण्णा असे. जुनी गाडी आहे."

पाच-सहा किलोमीटर गेलो आणि आठवलं, रिपोर्टांची फाईल टपरीवरच राहिली. रस्ता अरुंद, दोन्ही अंगाला ऊस. पुढं-मागं करत गाडी वळवली. सरळ झालो आणि बघतो तर काटे पुन्हा झोपलेले.

टपरीवर पोचलो तेव्हा गावातली लाईट गेली होती. टपरीवाल्यानं कंदील लावला होता आणि फाईल साखरेच्या डब्यावर नीट ठेवली होती. आता जादा फ्यूज नव्हता. मी म्हणालो, "असंच जाऊ अण्णा. हेडलाईट आहे ना."

"आणि मीटरच्याच लायनीवर चार्जिंग असलं तर? डायनामो बॅटरी भरतोय का न्हाई, हे सांगणारा दिवाबी मेलाय. हायवेवर रात्री बॅटरी बसली म्हंजे?"

ते खरं होतं. मग मी डब्यातला एसीच्या पंख्याचा मोठा फ्यूज उपटला आणि मीटरच्या जागी लावायला गेलो. तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कापत होता, त्यामुळं माझाही हात कापायला लागला.

"जाड तार लावायलास."

मी थांबलो. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला जे सांगितलं, ते मी ऐकून मोठा झालो होतो, आणि वेळ आल्यावर तेच करायला निघालो होतो. फ्यूज मोठा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. मोटारीत वाइंडिंग जळतं. गाडीत पेट्रोलच्या टाकीजवळून जाणारी वायर जळेल.

त्यांनी आपली कापडी पिशवी काढली. पक्कड, चिकटपट्टी, तारेचं एक भेंडोळं, ब्लेड. डॉक्टरकडं जातानाही ही पिशवी बरोबर. खिशातला टेस्टरही काढला आणि स्वतःच हसून परत ठेवला. "ह्यो दोनशे तीसचा गडी. बारा व्होल्टला मुका." मग विचारलं, "पहिल्यांदा गेलं तवा तू काय करत हुतास?"

"काही नाही. चाललो होतो."

"नीट आठव. चाललो हुतो तवा दिसलं. गेलं कवा?"

मी आठवायला लागलो. टपरीवरून निघालो, गाडी मागं घेतली. दुसऱ्यांदा गाडी वळवली, तेव्हाही मागं घेतली. मधे पाच-सहा किलोमीटर खड्ड्यांतून गेलो तेव्हा काहीच झालं नव्हतं.

"रिव्हर्स," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. "आता सिरीज लाव."

गावाकडं मोटार तपासताना सरळ लाईनला जोडत नाहीत. मधे एक बल्ब घालतात, तो सिरीजचा बल्ब. वाइंडिंग चांगलं असेल तर बल्ब मंद लागतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. काही जळत नाही, पण दुखणं दिसतं. आमच्या गाळ्यात दारालगतच तो बोर्ड होता. लहानपणी मला तो मोटारीचा ताप बघायचा थर्मामीटर वाटायचा.

बॉनेट उघडून मी पुढच्या इंडिकेटरचा बल्ब काढला. अण्णांनी भेंडोळ्यातून दोन तारा तोडायला सांगितल्या. "टोकं खरवड." कंदिलाच्या उजेडात, पन्हाळीखाली उकिडवा बसून मी चारी टोकं खरवडली. वीस वर्षांनी ब्लेड हातात घेतलं होतं, तरी बोटं बरोबर चालली. काळपट थर निघाला, खालचं लाल तांबं दिसलं. एक तार बल्बच्या अंगाला, एक बुडाच्या टिकलीला, वर चिकटपट्टी. दुसरी दोन टोकं फ्यूजच्या दोन खाचांत. अण्णा पाठीमागं उभं राहून सांगत होते आणि दोन्ही हात पाठीशी धरून होते. त्यांनी एकदाही हात पुढं केला नाही.

चावी फिरवली. बल्ब मंद लागला, नुसती लाल सुरती. "मीटरचा भार हाय. आता रिव्हर्स टाक."

गिअर मागं ओढला आणि बल्ब भक्कन पेटला. टपरीवाला "आयला!" म्हणाला.

"राहू दे तसंच. आता मागं जा आन् डिकी रिकामी कर. बल्बवर माझं ध्यान हाय."

मी लोणच्याची बरणी काढली. अण्णा ओरडले, "हाय तसाच!" शेंगांची पिशवी काढली. "हाय तसाच!" मग ज्वारीच्या पोत्याला मिठी मारली आणि ओढलं. आतून आवाज आला, "गेला! मंद झाला!"

पोत्यामागं डाव्या कोपऱ्यातलं अस्तर फाटलेलं होतं. मागच्या दिव्याची वायर पत्र्याच्या धारेवर दाबली गेली होती आणि एका जागी सोलून तांबं उघडं पडलं होतं. रिव्हर्सचा करंट तिथून दिव्याकडं जायच्या ऐवजी सरळ पत्र्यात उतरत होता. पत्रा म्हणजे बॅटरीचीच दुसरी बाजू. रिव्हर्सचा दिवा आणि समोरचं मीटर एकाच फ्यूजवर. मार मागं बसला होता आणि डोळे पुढचे मिटले होते. गुडघा लावून पोतं रेटणारा मीच.

मी सरळ उभा राहिलो तेव्हा रिव्हर्सचा दिवा माझ्यासमोर मंद लागलेला होता. पुढं अण्णांच्या समोरचा बल्बही तसाच मंद. सिरीजमध्ये दोन सारखे दिवे असले की दोघांना अर्धा-अर्धा वाटा मिळतो. कुठलाच पूर्ण पेटत नाही, पण दोन्ही लागतात.

वायरीला चिकटपट्टीचे चार वेढे दिले, ती धारेपासून बाजूला बांधली. टेपचा लाल फ्यूज दहाचाच होता, तो काढून मीटरला लावला. रिव्हर्स टाकून बघितला, दोनदा टाकून बघितला. काटे उभेच राहिले. पोतं मागच्या सीटवर पाहुण्यासारखं बसवलं. टपरीवाल्यानं दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

टेंभुर्णीला हायवेला लागेपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. टेप बंद, बाहेर पाऊस. इंदापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. "अण्णा, गाळ्याचं मी बोलून बसलोय. वीस हजार घेतलेत."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्यो आधी माझ्याकडंच आलता. म्या म्हणलं, पोराला इचार. पोरगं आपल्याला इचारतंय का बघू." थोडं थांबून म्हणाले, "पंधरा दिस वाट बघितली."

मला काही बोलता येईना. वायपर चालू होता, तो बघत गाडी चालवत राहिलो. पुढं भिगवणपाशी तेच म्हणाले, "जरा हळू. रस्ता ओला हाय."

डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या सुरू केल्या. काम बंद करा असं काही म्हणाला नाही, जपून करा म्हणाला. माझा हिशेब तिथंच चुकला. मोबाईलवाल्याचे वीस हजार मी पुढच्या खेपेला परत केले. अण्णांनी गावातलं एक आयटीआय झालेलं पोरगं हाताखाली घेतलं. ते तार बसवायचं, अण्णा स्टुलावर बसून वेढे मोजायचे. अशी आणखी तीन वर्षं दुकान चाललं. मग एके दिवशी अण्णांनी स्वतःच फोन केला, "आता कुलूप लावू या का? तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?" त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो. एवढं फोनवर आम्ही कधीच बोललो नव्हतो.

गाडी मी नंतर विकली. घेणारा सगळं बघून गेला. डिकीच्या डाव्या कोपऱ्यातली चिकटपट्टी त्यानं बघितली नाही, मीच त्याला दाखवली आणि सांगितलं, "इथं जड काही रेटू नका. आणि मीटरचा फ्यूज उडाला तर दहाचाच लावा."