संयमाचा दाखला घरची माणसे देतात

सकाळी साडेआठची वेळ. लोकल चुकण्याची धास्ती, शर्टाचे बटण तुटलेले आणि चहा गार झालेला. घरातला कर्ता पुरुष एकदम भडकतो. बटणाशी काडीचाही संबंध नसलेल्या मागच्या दहा गोष्टी उकरून काढतो. मुले वह्यांत डोके खुपसतात, बायको ओठ घट्ट मिटून डबा भरते, दार आपटले जाते. संध्याकाळी तोच माणूस गजरा नाहीतर गरम भजी घेऊन घरी येतो. सकाळबद्दल कोणीच काही बोलत नाही. घर पुन्हा हसू-बोलू लागते... पुढच्या भडक्यापर्यंत!

गंमत अशी की, कचेरीत साहेबापुढे याच माणसाची जीभ अगदी ताब्यात असते. म्हणजे त्याला संयम जमत नाही असे नव्हे. तो कोठे पाळायचा आणि कोठे सोडायचा, हे त्याने नकळत ठरवून टाकलेले असते. म्हणूनच एखाद्याच्या संयमाचा खरा दाखला कचेरी देऊ शकत नाही, देऊळ किंवा चर्चही देऊ शकत नाही. तो घरची माणसे देतात.

मराठीत असा एक दाखला चक्क पुस्तकरूपाने आहे. तो एका बायकोने आपल्या नवऱ्याबद्दल, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी दिला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

तापट कवीचे घर

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून. जखमी पाखराच्या वेदनेवर कविता लिहिणारे हे कोमल मन. पण 'स्मृतिचित्रे' उघडावीत, तर त्यातले टिळक पानोपानी रागावतात, रुसतात, न सांगता घरातून निघून जातात आणि हातातला पैसा दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने परत येतात. राग यायला निमित्त लागत नसे आणि तो ओसरायलाही वेळ लागत नसे. क्षणापूर्वी कडाडणारा माणूस दुसऱ्या क्षणी पश्चात्तापाने रडवेला होई.

या रागाची मुळे जुनी होती. टिळकांचे वडील विलक्षण तापट आणि घरात त्यांचा धाक मोठा. आई मात्र मायाळू आणि भाविक. आई गेल्यावर कोवळ्या वयातच नारायणाने घर सोडले आणि शिक्षणासाठी नाशिक गाठले. ज्या रागाला कंटाळून मूल घर सोडते, तोच राग मोठेपणी त्याच्या स्वतःच्या तोंडून बोलू लागतो, हा अनुभव कित्येक घरांना नवा नाही. टिळकांच्या वाट्यालाही तो आला.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरची गोखल्यांची मनू लक्ष्मीबाई होऊन टिळकांच्या घरात आली, तेव्हा तिचे वय अकरा-बारा वर्षांचे. पुढची पंधरा वर्षे तिने या वादळाबरोबर काढली. आज येथे तर उद्या तेथे. नोकरी धरली काय आणि सोडली काय! राग, दारिद्र्य आणि मायेचा महापूर, सारे एकाच छपराखाली.

गाडीत मिळालेले पुस्तक

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी जागा करून दिली, काव्यशास्त्राच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्यांनी बायबलातला नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. हे वाचलेत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांना ते तेव्हा पटले नाही. पण वाचायचे कबूल केले होते, म्हणून वाचू लागले आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले.

थबकण्याचे कारण समजण्यासारखे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातले हे तीन अध्याय रागीट माणसाला सुखाने बसू देत नाहीत. खून करणारा दोषी, हे तर सारेच धर्म सांगतात. येथे ख्रिस्त आणखी आत शिरतो. भावावर रागावणारा, त्याला हिणवून बोलणारा माणूसही त्याच न्यायासनापुढे उभा केला जातो. देवाला अर्पण करण्याची वस्तू हातात असताना भावाशी बिनसल्याचे आठवले, तर ती वस्तू तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे आणि समेट करून मग परत यावे, असे ख्रिस्त सांगतो. म्हणजे पूजा थांबली तरी चालेल, समेट थांबता कामा नये!

टिळकांनी पुढे दोन वर्षे हा विचार घोळवला. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या माणसाला आपण तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे वाटत असे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सर्वांत अवघड परीक्षा

लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. ज्या घरात शुचिर्भूतपणाचे वेड पराकोटीला गेलेले होते, त्या घरची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे जिवंतपणी मेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहू लागल्या. दुःखाने अंथरूण धरले आणि त्याच दुःखातून कविताही करू लागल्या.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. जो माणूस क्षुल्लक कारणावरून आकाशपाताळ एक करी, त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आता दुसऱ्याच्या हातात होती. बायकोने यायचे की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते. त्या काळी १८६६ च्या कायद्याने त्याच्यासाठी एक वाट मोकळी होती. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेता येई आणि पुन्हा लग्न करता येई. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, विनवण्या केल्या आणि वाट पाहिली. एकदोन महिने नव्हे, कित्येक वर्षे.

लक्ष्मीबाई अखेर परत आल्या, त्या नवऱ्याच्या घरी आल्या, नवऱ्याच्या धर्मात नव्हे. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. एकाच घरात एक ख्रिस्ती उपदेशक आणि एक सोवळ्यातली ब्राह्मण बायको! टिळकांनी त्यांना घाई केली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि १९०० साली त्यांनी आपल्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

मग टिळकांचा राग गेला का? 'स्मृतिचित्रे' सांगतात की, स्वभाव काही पाण्याबरोबर वाहून गेला नाही. बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही भडकताना दिसतात. पण ज्याला चहा वेळेवर न मिळाल्याचे सहन होत नाही, त्याने बायकोच्या मनाची इतकी वर्षे वाट पाहावी, हा बदल लहान म्हणता येणार नाही. राग संपला नव्हता, पण सत्ता आता त्याच्या हाती राहिली नव्हती.

फळ एका रात्रीत धरत नाही

ख्रिस्ती शिकवणुकीत संयमाला जी जागा आहे, ती येथे नीट कळते. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पहिली आहे प्रीती आणि शेवटचे आहे संयम. मराठी बायबलात त्याला 'इंद्रियदमन' असा भारदस्त शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे : स्वतःवर सत्ता असणे.

पौलाने त्याला फळ म्हटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आंब्याला दम देऊन मोहोर येत नाही. त्याला माती लागते, पाणी लागते आणि ऋतू यावा लागतो. तसेच मुठी आवळून, दात-ओठ खाऊन आणलेला संयम चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट जोराने फुटतो. विश्वासणाऱ्याची श्रद्धा अशी की, आपण जसे आहोत तसे देवाने आपल्याला आधीच जवळ केले आहे. मग स्वतःची चूक झाकण्याची गरज उरत नाही. ज्याला चूक झाकायची नसते, त्याला आवाज चढवावा लागत नाही. रागाचे निम्मे बळ तेथेच गळून पडते.

पौल स्वतःविषयीही काही लपवत नाही. जे करू नये असे वाटते तेच हातून घडते, अशी कबुली त्याने रोमकरांच्या पत्रात दिली आहे. ख्रिस्ताचा पट्टशिष्य पेत्र तर टिळकांचाच भाऊ शोभावा! ख्रिस्ताला धरायला शिपाई आले, तेव्हा त्याने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या नोकराचा कान छाटला आणि त्याच रात्री भीतीपोटी आपल्या गुरूला तीनदा नाकारले. रागावर ताबा नाही आणि भीतीवरही नाही. पण रडून झाल्यावर तो परत आला आणि त्याच्या नावाने असलेल्या पत्रात ज्ञानाला संयमाची जोड द्या, असा उपदेश आला. पडलेल्या माणसाने केलेला हा उपदेश आहे, म्हणून तो वरून केल्यासारखा वाटत नाही.

या मातीला पाणी घालण्याच्या रीतीही ख्रिस्ती परंपरेने घालून दिल्या आहेत. रोजची प्रार्थना आहे. सूर्य मावळण्याआधी राग मिटवावा, हा पौलाचाच सांगावा आहे. कॅथलिकांमध्ये धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याची पद्धत आहे. वसईच्या कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. कोणी मांस सोडतो, कोणी दारू, कोणी सिगारेट. वाचलेले पैसे गरिबांसाठी बाजूला पडतात. पण जिभेवरचे मांस सोडले आणि जिभेवरची शिवी तशीच राहिली, तर त्या उपासाचा उपयोग काय, हा प्रश्न जाणती माणसे स्वतःला विचारतातच. आपल्याकडच्या चातुर्मासाची किंवा रमजानच्या रोज्यांची आठवण यावी, असेच हे आहे. पोटाला दिलेला नकार मनाला शिकवतो की, 'नाही' म्हणता येते.

आजचा एक दिवस

याच वाटेवरून एक फाटा निघाला आणि तो जगभर गेला. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यवैद्य एकमेकांना भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. 'ऑक्सफर्ड ग्रूप' नावाच्या ख्रिस्ती चळवळीशी दोघांचाही संबंध आलेला. चुकांची उघड कबुली, दुखावलेल्यांची भरपाई आणि स्वतःला देवाच्या हाती सोपवणे, हे त्यांनी तेथून घेतले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. ती स्वतःला कोणत्याही एका धर्माची म्हणवत नाही. सर्व धर्मांची माणसे, धर्म न मानणारीसुद्धा, तिच्या सभांना बसतात. महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात. तेथे कोणी जन्मभराची शपथ घेत नाही. फक्त आजचा दिवस दारूशिवाय काढायचा, एवढेच. पहिली पायरी 'मी हे करून दाखवीन' अशी नाही, 'हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नाही' अशी आहे!

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. पश्चात्तापाचे अश्रू म्हणजे संयम नव्हे. ज्या घरात सकाळी मार आणि संध्याकाळी क्षमेची याचना, असे चक्र फिरते, तेथे 'क्षमा करा' हा उपदेश मार खाणाऱ्या बाईला करणे अन्याय आहे. तिला आधार द्यावा, गरज पडली तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची मदत घ्यावी. क्षमा ही मागणाऱ्याची हक्काची वस्तू नाही. पश्चात्ताप खरा की खोटा, हे वागणे बदलले की नाही यावरूनच ठरते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आपल्या आठवणीही लिहिल्या. त्यात नवऱ्याचा राग त्यांनी लपवला नाही, त्याला देव्हाऱ्यातही बसवले नाही. पण लिहिताना त्या हसतात, वाचणाऱ्याला हसवतात आणि त्या हसण्यात कडवटपणाचा मागमूस नाही. ज्या रागाने मन कायमचे जळते, त्याच्या आठवणी अशा हसत लिहिता येत नाहीत. टिळकांना मिळालेला दाखला हाच.

बटण पुन्हा तुटेल, चहाही पुन्हा गार होईल. गजरा आणायला हरकत नाही. पण तो हातात देताना 'सकाळी माझे चुकले' हे तीन शब्द मुलांसमक्ष म्हणता आले, तर संयमाची सुरुवात झाली म्हणायची. सकाळचा राग मुलांसमक्षच तर झाला होता!