होडी कुणाची, वाटा कुणाचा

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मनोरी गावात पाहणीचा फॉर्म घेऊन गेलेला विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. "मावशी, घरात किती माणसं?" बोंबील निवडणारी बाई मान वर न करता उलट विचारते, "जेवायला का झोपायला?"

जनगणनेच्या लेखी प्रश्न सोपा आहे: एका स्वयंपाकघरातून जेवतात, ते एक कुटुंब. पण धाकटा मुलगा लग्नानंतर वरच्या मजल्यावर राहतो, त्याचा गॅस वेगळा. होडी मात्र दोघा भावांची मिळून, आणि दोघांची मासळी विकायला बसते ती आईच. म्हणजे चुली दोन, होडी एक, पाटी एक. फॉर्मवर दोनचा आकडा घालून पुढच्या दाराशी जाता येतं. मानववंशशास्त्राचा विद्यार्थी असेल तर त्याने इथे बूड टेकायचं असतं.

बूड टेकलं की वही उघडायची आणि नात्यांचा आराखडा मांडायचा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोघांमध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न. खालच्या उभ्या रेषेला मुलं लोंबतात, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. शाळकरी वाटणारं हे चित्र तासाभरात बोलू लागतं. होडीत वाटा कुणाकुणाचा, बहिणीचा नवरा खलाशी म्हणून का येतो, घर कुणाच्या नावावर आणि राहतं कोण, हे थेट विचारलं तर लोक आखडतात. "हा तुमचा कोण?" एवढंच विचारत गेलं तर सांगता सांगता सगळं बाहेर येतं.

ही रीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज डॉक्टरने 1898 साली टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर बसवली आणि पुढे निलगिरीतल्या तोडांमध्ये वापरली. केंब्रिजला त्याच्या हाताखाली शिकायला गेला मालवणात जन्मलेला एक संस्कृतचा हुशार विद्यार्थी, गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांनी 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू केला होता. 1924 पासून तो घुर्यांनी सांभाळला. ते स्वतः ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव पिटाळलं. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी, दुर्गा भागवत त्यांच्याच, एम. एन. श्रीनिवासही त्यांचेच. एकाच मास्तरांच्या वर्गातून एवढी माणसं निघाली, तरी मराठी घरांत 'या विषयाचं पुढे काय?' हा प्रश्न शिल्लक आहेच!

मनोरीच्या आसपासची माणसंही अभ्यासाबाहेर राहिली नाहीत. विजया पुणेकरांचं मुंबईच्या सोनकोळ्यांवरचं इंग्रजी पुस्तक 1959 चं, एल्सी बाप्टिस्टांचं ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजावरचं 1967 चं. लग्नाआधीचं 'उंबराचं पाणी' हौसेने करणारा आणि रविवारी मिस्साला जाणारा हा समाज घरात मराठीच बोलतो. जातीधर्माचे ठोकळे पाठ करून आलेल्या नवख्याला मनोरी हे उत्तम औषध आहे.

इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये कवट्यांच्या मोजमापावर डॉक्टरेट केली. त्यांची 'युगान्त' सगळ्यांना ठाऊक असते. पण नोकरीच्या दृष्टीने त्यांचं वेगळंच एक पुस्तक पाहायला हवं. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली आणि डेक्कन कॉलेजने ती 1969 मध्ये छापली. घरातून उठलेला माणूस नव्या गावी कसा रुजतो, सोयरीक कुठे जुळवतो, हे या शास्त्राचे घरचे प्रश्न. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला, तेव्हा त्याच प्रश्नांना पगार मिळू लागला.

बाकीच्या वाटा थोडक्यात. भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण ही 1945 ची सरकारी संस्था. पुण्यात विद्यापीठाचा विभाग आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. भोपाळचं मानव संग्रहालय. यूपीएससीला हा विषय घेणारे पुष्कळ, त्यातल्या बहुतेकांना अभ्यासक्रम आटोपशीर आहे एवढंच आवडतं. अर्जेंटिनात 1984 पासून मानववंशशास्त्रज्ञांचं एक पथक हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्यांचे सांगाडे ओळखतं. आणि झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी नव्या कॉपी मशीनसमोर माणसं उभी करून चित्रण केलं. त्यांत संगणकशास्त्रातले दोन मातब्बर होते आणि त्यांनाही मशीन वळेना. दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणाचा नव्हता, हे त्या चित्रणाने दाखवलं. आज मोबाइल आणि बँकांच्या ॲपवाल्या कंपन्या अशाच निरीक्षणासाठी माणसं ठेवतात.

मनोरीत हे काम कुठे लागेल? समुद्रापासूनच सुरुवात करता येईल. डोल जाळं बांधायला समुद्रतळात खुंट ठोकतात, त्याला कव म्हणतात. कुणाची कव कुठे, हे सातबाऱ्यावर नसतं. तरी त्यावरून उत्तन-वसईचे आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. खाडीपलीकडच्या कचेरीत बसून पाहिलं तर समुद्र म्हणजे नकाशावरचा नुसता निळा रंग.

जमिनीचंही तेच. 2011 च्या किनारपट्टी अधिसूचनेने मुंबईच्या कोळीवाड्यांचं मोजमाप करून ते नकाशावर आणायला सांगितलं. मोजणीदाराला घरं दिसतात. जाळी पसरायची, मासळी वाळवायची जागा त्याला दिसते ती रिकामी. पावसाळ्यात तर ती खरोखरच रिकामी असते, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद आणि होड्या वर ओढलेल्या. जुलैत आलेला पाहणीवाला प्रामाणिकपणे 'मोकळी जमीन' लिहून जातो. थंडीत तिथेच बांबूंच्या रांगांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात आणि दोन रांगांमधून अंग चोरून चालावं लागतं.

मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प ठरला आहे, म्हणजे अशा पाहण्या पुढेही होत राहतील. ते काम अंगावर घेणाऱ्याने करार करतानाच हंगामातली दुसरी फेरी वेळापत्रकात आणि खर्चात मागून घ्यावी; अहवाल अर्ध्यावर आल्यावर ती कुणी देत नाही.