अरारातच्या सावलीत

मुंबईच्या फोर्ट भागात मेडोज स्ट्रीटवर संत पीटर यांच्या नावाचे एक आर्मेनियन चर्च आहे. व्यापारानिमित्त येथे स्थायिक झालेल्या आर्मेनियन लोकांनी ते १७९६ साली बांधले. त्याच्यासमोरून आम्ही कितीदा तरी गेलो. पण ही माणसे एवढ्या दूर का आली असावीत, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला सप्टेंबर २०२३ मध्ये. नागोर्नो-काराबाखमधून अवघ्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरदार सोडून निघाल्याची बातमी वाचली आणि आम्ही चटकन बोलून गेलो, 'मुसलमानांनी ख्रिस्ती लोकांना हाकलले!'

पुढे त्या देशाचा इतिहास वाचावयास घेतला, तेव्हा आमच्याच वाक्याने आम्ही ओशाळलो.

परंपरेनुसार ३०१ साली संत ग्रेगरी यांच्या उपदेशाने राजा तिरिदात याने ख्रिस्ती धर्म हा राजधर्म केला. असे करणारे हे पहिले राष्ट्र मानले जाते. परंतु रोम आणि इराण या जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये ते सापडले होते. ३८७ च्या सुमारास त्या दोघांनी देश वाटून घेतला. पुढे इराणच्या सम्राटाने जरथुष्ट्री धर्माची सक्ती केली, तेव्हा सेनापती वर्तान मामिकोनियन ४५१ साली अवारायरच्या रणांगणावर धारातीर्थी पडला. त्याच्या लोकांनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडे मदत मागितली होती. ती मिळाली नाही. एवढेच नव्हे, तर १०४५ साली अनी ही त्यांची वैभवशाली राजधानी गिळली, ती याच ख्रिस्ती साम्राज्याने. सेल्जुक तुर्क तेथे पोहोचले ते १९ वर्षांनंतर.

१९१५ सालची जखम मात्र सर्वांत खोल. ऑटोमन राजवटीने लाखो आर्मेनियन लोकांची कत्तल केली. कित्येकांना सिरियाच्या वाळवंटात मरणाच्या वाटेने हाकलले. मार्दिनचे कॅथॉलिक आर्चबिशप इग्नाशियस मालोयान यांनी धर्मत्यागास नकार दिला आणि ते रक्तसाक्षी झाले. २०२५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. श्रद्धेसाठी सांडलेले हे रक्त कोणी नाकारू नये. परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्या वेळी सुलतानाला पत्र लिहून दयेची याचना केली. पण ऑटोमनांचे मित्र असलेले ख्रिस्ती जर्मन सरकार सारे ठाऊक असूनही आपल्या मित्राला आवरावयास धजले नाही. उलट त्याच वाळवंटाच्या कडेला कित्येक मुस्लिम अरब कुटुंबांनी आर्मेनियन अनाथांना आसरा दिला.

काराबाखची कथाही एकपदरी नाही. १९९२ साली खोजाली येथे आर्मेनियन सैनिकांच्या हातून शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. त्या युद्धात लाखो अझरबैजानी लोक आपल्या गावांना मुकले. २०२० साली पारडे फिरले आणि २०२३ साली पाळी आर्मेनियन लोकांवर आली. तेव्हा रशियाचे शांतिसैनिक तेथे हजर होते. पण त्या ख्रिस्ती बांधवांच्या असण्याचा उपयोग झाला नाही. तुर्कस्तानने १९९३ साली आर्मेनियाशी असलेली सीमा बंद केली, तेव्हा आर्मेनियाला दक्षिणेकडील वाट इस्लामी इराणनेच दिली.

धर्माचे नाव घेऊन राज्ये लढतात, पण बहुधा स्वार्थ पाहूनच ती मित्र निवडतात. ही गोष्ट आम्हां ख्रिस्तीजनांना कबूल करणे जड जाते, कारण मग आपल्या माणसांच्या हातांवरील रक्तही दिसू लागते.

नोहाचे तारू जेथे टेकले असे मानतात, तो अरारात पर्वत येरेवान शहरातून स्पष्ट दिसतो. पण १९२१ च्या तहांपासून तो तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. जलप्रलयानंतर देवाने करार केला, तो एका जमातीशी नव्हे, तर अवघ्या सजीव सृष्टीशी. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या केल्या. तो करार टिकावा, म्हणून परवा आम्ही मेडोज स्ट्रीटवरील त्या चर्चसमोर क्षणभर थांबून प्रार्थना केली. तीत मार्दिनच्या रक्तसाक्षींबरोबर खोजालीच्या मृतांचेही स्मरण केले. ते करण्यास आम्हांला उशीर झाला, एवढे मात्र खरे.