तेच पत्ते, दोन टेबलं



आज पत्त्यांवर लिहितोय. गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही का, असं काहींना वाटेल. आपल्याकडे पत्ते म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यापुढे येतात. एक, पोळ्याच्या आसपास पडणाऱ्या धाडी. दुसरी, लग्नघरात गाद्यांवर रात्रभर रंगलेला मेंढीकोट. मला सांगायचंय ते ब्रिजबद्दल.

चिखलीहून खामगावला जाताना लागणारं आमचं अमडापूर, बल्लाळदेवीचं गाव. इथे ब्रिज खेळणारे आम्ही आठ जण आहोत. क्लब म्हणायचं तर नावाची पाटी नाही, नोंदणी नाही. वर्गणी महिन्याला पन्नास रुपये, ती चहा-साखरेत जाते. जागा म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची ओसरी. नोकरीत असताना बदलीच्या गावी ते हा खेळ शिकले, मग घरी काकूंना शिकवला आणि आता काकू त्यांच्यापेक्षा बऱ्या खेळतात. बाकी मंडळी अशी : एक किराणा दुकानदार, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक मेडिकलवाले, एक कृषी सहायक, जनावरांच्या दवाखान्यातले पट्टीबंधक आणि मी. दर रविवारी चार ते सात. पैसे लावायचे नाहीत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

ज्यांना मेंढीकोट येतो त्यांना अर्धा ब्रिज आलाच समजा. चार जण, समोरासमोरचे भिडू, बावन्न पत्ते, प्रत्येकी तेरा. रंगाला रंग द्यायचा, नसेल तर हुकमाने मारायचं. फरक असा की ब्रिजमध्ये हुकूम कोणता आणि किती हात करायचे हे आधी लिलावाने ठरतं. "चार बदाम" अशी बोली म्हणजे बदाम हुकूम करून तेरापैकी दहा हात करून दाखवतो, असा शब्द. शब्द पाळला तर गुण, मोडला तर दंड. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपले पत्ते सगळ्यांसमोर उघडे मांडतो आणि तो डाव संपेपर्यंत गप्प बसतो. आमच्या कंडक्टर साहेबांना हे गप्प बसणंच सगळ्यात जड गेलं. तीस वर्षं गाडीत "पुढे सरका" म्हणण्यात गेलेली!

गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक असे गुण धरतात. एका रंगात दहा, चार रंगांत चाळीस. माझ्या हातात अकरा असतील आणि समोर उघड्या पडलेल्या हातात नऊ, तर उरलेले वीस दोघांकडे आहेत. त्यातले कोणाकडे किती, हे त्यांच्या बोलीवरून आणि टाकलेल्या पानांवरून काढत जायचं. पहिली-दुसरीची बेरीज-वजाबाकीच आहे ही, पण तीन तास सलग, मनातल्या मनात. एका खेळाडूला तेरा पत्ते किती वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतात माहीत आहे? ६३,५०१ कोटींहून जास्त. त्यामुळे "हा डाव आधी बघितलाय" असं म्हणायची सोय नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मेंढीकोटात हरणारा काय म्हणतो? "पत्तेच आले नाहीत बावा!" आणि ते खरंही असतं. ब्रिजवाल्यांनी यावर एक उपाय काढलाय, त्याला डुप्लिकेट म्हणतात. पान टाकताना ते मधल्या ढिगात मिसळायचं नाही, प्रत्येकाने आपल्यापुढेच ठेवायचं. डाव संपला की चौघांचे तेरा-तेरा पत्ते जसेच्या तसे चार कप्प्यांत भरायचे आणि दुसऱ्या टेबलावर पाठवायचे. तिथे दुसरे चौघे तेच पत्ते खेळतात. मोठ्या क्लबांत यासाठी प्लास्टिकचे तयार बोर्ड असतात. आम्ही शाळेच्या प्रदर्शनातून उरलेल्या कार्डशीटची पाकिटं चिकटवली. बोली तोंडाने बोलली तर दुसऱ्या टेबलाला ऐकू जाते, म्हणून ती पाटीवर खडूने लिहितो. आठ जणांचे दोन संघ होतात. एका संघाची एक जोडी या टेबलावर उत्तर-दक्षिण बसते, दुसरी जोडी त्या टेबलावर पूर्व-पश्चिम. शेवटी दोन्ही टेबलांचे गुण समोरासमोर ठेवायचे. तुमची तुलना फक्त त्याच्याशी होते, ज्याच्या हातात तुमचेच पत्ते होते.

मागच्या पावसाळ्यातला एक डाव सांगतो. माझ्या हातात नव्वीच्या वरचं एकही पान नव्हतं. अशा हाताला यारबरो म्हणतात. या नावाच्या इंग्रज लॉर्डने म्हणे असा हात येणार नाही यावर एकाला हजार अशी पैज लावायला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात असा हात साधारण १८२८ डावांत एकदा येतो, म्हणजे लॉर्डसाहेब फायद्यातच! समोरच्यांनी चार इस्पिकची बोली घेतली. मेंढीकोट असता तर मी पत्ते टाकून चहाकडे बघितलं असतं. काकू माझ्या भिडू, त्यांनी किलवर राजाची उतारी केली. माझ्याकडे किलवरची दोनच पानं होती, नव्वी आणि दुर्री. मी आधी नव्वी टाकली, पुढच्या हाताला दुर्री. मोठं आधी आणि लहान नंतर म्हणजे "माझ्याकडे दोनच आहेत". काकूंनी राजा आणि एक्क्याचे हात केले, तिसऱ्यांदा किलवरच काढली आणि मी हुकमाच्या तिर्रीने मारली. चौकटचा एक्का काकूंकडे होताच. चार हात आमचे, बोली बुडाली.

दुसऱ्या टेबलावर माझ्या जागी मेडिकलवाले होते. पत्ते तेच, बोली तीच, उतारीही तीच. त्यांनी सहज म्हणून आधी दुर्री टाकली. त्यांच्या भिडूला वाटलं, यांच्याकडे किलवर बऱ्याच आहेत, आणि त्याने रंग बदलला. बोली पूर्ण झाली. तिथे आमच्याच संघाच्या जोडीला ४२० गुण मिळाले आणि इथे आम्हाला ५०. एकत्र ४७०चा फरक, सामन्याच्या हिशेबात दहा गुण. एकही चित्र नसलेल्या हाताने त्या दिवसाचा सामना फिरवला.

चहाच्या वेळी मेडिकलवाले बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "सर, तुम्ही पहिलं पान कोणतं टाकलं?" मला हा प्रश्न फार आवडतो. "तुम्हाला काय आलं होतं?" हा प्रश्न आमच्याकडे निघतच नाही.

शिक्षक मित्रांनो, सोमवारी वर्गात गेलो तेव्हा हा डाव डोक्यात होता. आपण गुणांची यादी लावतो आणि पहिला, दुसरा, शेवटचा ठरवून मोकळे होतो. त्या यादीत चिखलीला शिकवणी लावलेलं मूलही असतं आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन मार्चअखेर परत येणारं मूलही असतं. ही कसली तुलना? एकाला चार एक्के, दुसऱ्याला यारबरो. मी माझ्या वहीत वेगळी जोडी लावून बघितली. वर्गात भट्टीवरून परत आलेली दोन मुलं होती. गैरहजेरी जवळपास सारखी, दोघांचीही घरं सारखीच. मुलाचं वाचन दिवाळीला होतं तिथून मागे गेलेलं. मुलीचं मात्र पुढे गेलेलं, जोडाक्षरंसुद्धा अडत नव्हती. यादीत दोघंही खालीच होती, म्हणून हा फरक आधी दिसायचा नाही. तिला विचारलं, तर ती जाताना बालभारतीचं पुस्तक घेऊन गेली होती आणि तिकडे धाकट्या भावाला रोज एक पान वाचून दाखवायची, कारण त्याशिवाय तो झोपायचा नाही. एवढंच. पुढच्या दिवाळीला स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत पुस्तक आहे का, हे मी स्वतः बघितलं आणि "कोणाला वाचून दाखवशील?" हेही विचारून ठेवलं. दोन मुलांचे पत्ते कधीच अगदी सारखे नसतात, हे मलाही कळतं. पण जवळपासचे पत्ते असलेली मुलं शेजारी ठेवून बघा, काहीतरी हाताला लागतं.

याच सुमारास एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली. दारातूनच म्हणाली, "सर, तुमी पत्ते खेळता म्हने? पोरगं सांगून राह्यलं." मी म्हटलं, हो, पण पैशावर नाही. ती म्हणाली, "याचा बापबी पयले असंच म्हने. दोन एक्कर गेलं आमचं त्याच्यापायी." मग ती पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मला जे सांगायचं होतं ते सगळं माहितीचं होतं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं आणि रमीतलं नशीब हे ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखंच असल्याचं म्हटलं. खेळावर कोणी नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. पण तिची जमीन काही निकाल वाचून परत येणार नव्हती. मी तिला म्हटलं, "ताई, शाळेत पत्ते येणार नाहीत." आणि ते तसंच ठेवलंय. वर्गात जोडीचा खेळ घेतो तो कार्डशीटच्या अंककार्डांवर, एक्का-राजा-राणीचं नावही काढत नाही. ती बाई अजून मला रविवारी काकांच्या गल्लीत बघते तेव्हा मान वळवते. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

बाहेरून बघणाऱ्याला या खेळातली एक गोष्ट कळत नाही. मेंढीकोटात खाकरणं, कान खाजवणं, पान आपटणं ही भिडूला केलेली खूण असते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ब्रिजमध्ये खुणा चालतात, पण फक्त टाकलेल्या पानाच्या आणि बोलीच्या. त्यांचा अर्थ समोरच्याने विचारला तर उघड सांगावा लागतो. नव्वीनंतर दुर्री म्हणजे काय, हे किराणावाल्यांनी त्या दिवशी विचारलं आणि काकूंनी सांगून टाकलं. इतकंच काय, भिडू पान टाकताना जरा जास्त वेळ थांबला, तर त्या थांबण्याचा अर्थ लावून खेळणंही नियमाबाहेर. मोठ्या पातळीवर यावरून आकाशपाताळ एक झालंय. २०१५ साली इस्रायलची फिशर आणि श्वार्ट्झ ही जोडी टेबलावर बोर्ड कुठे ठेवायचा यातून एकमेकांना खुणा करते, असं व्हिडिओ बघून उघड झालं. ते उघड करण्यात पुढे होता नॉर्वेचा बोये ब्रोगलँड, जो आधी त्यांच्याच संघात होता. त्यांच्याबरोबर जिंकलेल्या किताबांवरही त्याने पाणी सोडलं.

आमच्याकडे एवढं मोठं काही घडत नाही. भांडणं मात्र होतात. पहिल्या वर्षी काका-काकू भिडू होते आणि दोन रविवार घरात अबोला राहिला. तेव्हापासून नवरा-बायको एका जोडीत नाहीत. भिडूची चूक डाव चालू असताना काढायची नाही, चहाच्या वेळी काढायची, आणि तीही "मी काय करायला हवं होतं?" अशी सुरुवात करून. कृषी सहायकांना हे जमायला सहा महिने लागले.

खेड्यात हे टिकेल का, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग रायबिडपुराबद्दल वाचलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं, खरगोन जिल्ह्यातलं हे शेतकऱ्यांचं गाव. १९६०च्या दशकात तिथे बदलून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांना ब्रिज शिकवला. ते बदलून गेले, खेळ राहिला. शेतावरून आल्यावर लोक डाव मांडतात, आणि तिथली पोरं भारताच्या ज्युनियर संघातून परदेशात खेळून आली आहेत. आमच्या पट्टीबंधकांनी हे ऐकल्यापासून "आमच्या खात्याने केलं" असं चार वेळा तरी सुनावलंय. वयाचं म्हणाल, तर २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि पुरुष जोडीत सुवर्ण जिंकणारे आपले प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते, शिवनाथ सरकार छप्पन्नचे. आमचे कंडक्टर साहेब म्हणतात, "म्हणजे माझं आत्ताशी सुरू झालंय."

सध्या आमची अडचण वेगळीच आहे. कृषी सहायकांची बदली झालीय. सात जणांत दोन टेबलं होत नाहीत, आणि एका टेबलावर तेच पत्ते दुसऱ्याकडे पाठवता येत नाहीत. मागच्या रविवारी तीन जण नुसते बघत बसले. काकू त्यांच्या सातवीतल्या नातीला शिकवतायत. तिच्या हातात तेरा पत्ते अजून नीट धरता येत नाहीत, अर्धे गळून पडतात आणि सगळ्यांना दिसतात. पण परवा तिने नव्वीनंतर दुर्री टाकली. चिखली-खामगावच्या या पट्ट्यात कोणाला ब्रिज येत असेल किंवा शिकायचा असेल, तर रविवारी चारला अमडापूरला या. पाटी आणि खडू आमच्याकडे आहे.