मांडवातला रविवार

2025 साली रामनवमी आणि रविवार एकाच दिवशी आले आणि माझी पंचाईत झाली. एप्रिलची 6 तारीख. ईस्टर दोन आठवड्यांवर आलेला. अशा दिवसांत रविवारची उपासना चुकवणे आमच्या घरात कुणाला सुचलेसुद्धा नसते. पण रुग्णालयात पंचवीस वर्षे माझ्या जोडीने पाळ्या केलेली माझी बंजारा मैत्रीण आदल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. पोहरादेवीच्या यात्रेत तिच्या नात्यातल्या मुलांनी औषधपाण्याचा मांडव घातला होता आणि हात कमी पडत होते. ती म्हणाली, “तुझा देव एक रविवार थांबेल गं. उन्हानं पडलेलं माणूस थांबत नाही.”

खरे सांगायचे तर मला मनातून बरेच वाटले. निवृत्त झाल्यापासून रिकाम्या हातांनी प्रार्थनेला बसणे मला जमत नव्हते. डोळे मिटले की विरजण लावायचे राहिल्याचे आठवे, नाहीतर शेजारणीची मधुमेहाची गोळी. ‘काम हीच माझी प्रार्थना’ असे एक वाक्य मी कित्येक वर्षे तोंडात तयार ठेवले होते. ऐकणाऱ्यांना ते आवडे, आणि पुढे कुणी काही विचारीत नसे.

वाशिमहून मानोऱ्यावरून आम्ही पहाटेच पोहोचलो. पोहरादेवीला बंजारा लोक आपली काशी म्हणतात. इथे जगदंबेचे देऊळ आहे आणि सेवालाल महाराजांची समाधी आहे. महाराजांचा जन्म 1739 चा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या तांड्यांतला हा संत. जन्मभर चालणाऱ्या माणसांनी एका जागी बसून जप कधी केला असेल, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात येऊन गेला. नगाऱ्याच्या आकाराची संग्रहालयाची नवी इमारत दुरूनच दिसत होती. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले होते. तिथवर जायला मला सवड मिळाली नाही. आठ वाजता रांग लागली ती लागलीच. चक्कर आलेल्या बाया, पायाला फोड आलेले म्हातारे, उलट्या करणारी पोरे. मीठ-साखरेचे पाणी कालवून कालवून माझा हात चिकट झाला. मी अगदी मजेत होते.

दुपारी एक आजीबाई आल्या. अंगावर आरशांची जुनी काचोळी, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. रक्तदाब बराच चढला होता. मी गोळी दिली, पाणी दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. म्हातारीने माझे मनगट धरले.

“थोडी बस वं माय.”

“याडी, रांग आहे ना मागं.”

“रांग राहतेच. बस.”

हे शब्द मी आधी ऐकले होते. आईच्या शेवटच्या आठवड्यात. मी रजा घेऊन तिच्या उशाशी होते. उशाशी म्हणजे काय, खोलीभर होते. चादर बदल, सलाईनचे थेंब मोज, पाठीला पावडर लाव. आई दोनदा म्हणाली होती, “जरा बैस ना माझ्यापाशी.” मी म्हटले, “बसते हं, एवढं झालं की.” ती गेली तेव्हा मी मोरीत तिचे पातळ पिळत होते. माझ्या सेवेत कसूर झाली असे कुणी म्हटले नाही. उलट सगळ्यांनी नावाजले.

लूकच्या शुभवर्तमानात दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू त्यांच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते आणि मार्था एकटी राबते. शेवटी ती वैतागून तक्रार करते, तर येशू मरीयेची बाजू घेतो. या गोष्टीवर मला कायम राग होता. मार्थेला बोल लावणारे उपदेशक उपासना आटोपल्यावर मंडळीतल्या मार्थांच्याच हातचे जेवून जातात, हे मी लहानपणापासून पाहिलेले. पण त्या दुपारी मला प्रथमच वाटले की येशूने स्वयंपाकाला नाव ठेवलेच नव्हते. पाहुणा काय बोलतो आहे तेवढे मार्थेला ऐकू येत नव्हते.

माझी पणजी केडगावला वाढली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन ज्या शेकडो मुली घेऊन आल्या, त्यांतली ती एक. पुढे मुक्तिसदनात जवळजवळ दोन हजार बायका-मुली झाल्या. इतक्यांचे दळण, पाणी, आजारपण, शिवाय छापखाना. एवढ्या धबडग्यात या बाई पहाटे प्रार्थना करीत आणि हिब्रू-ग्रीक शिकून वर्षानुवर्षे बायबलचे मराठी भाषांतर करीत बसत. इंग्लंडात त्यांना डॉक्टर व्हायचे होते. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिले. मला मात्र दोन्ही कान धडधाकट होते.

मी बसले. मातीत, पाय मुडपून. आजीबाईंना काही सांगायचे असेल, एखादे दुखणे, सुनेची कागाळी, असे वाटले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. समाधीकडे तोंड करून त्यांनी अरदास म्हटली, अगदी हळू, गोरमाटीत. भोगाच्या होमातला तुपाचा धूर मांडवापर्यंत येत होता. मला शब्द कळले नाहीत. माझ्या मनगटावरचा हात तेवढा कळत होता, आणि त्यातली नाडी. नकळत मी ठोके मोजू लागले, मग मोजायचे सोडून दिले. विरजण आठवले नाही.

पाचेक मिनिटे झाली असतील. रांगेतला एक तरुण बाप ओरडला, “इथं लेकरू ओकून ऱ्हायलं आन् सिस्टर बसून राहिल्या!” त्याचे खरेच होते. मी धावले. पोर तासाभरात हसू लागले, पण मधला काही वेळ मला स्वतःची लाज वाटत होती. मागे वळून पाहिले तेव्हा आजीबाई निघून गेल्या होत्या. मी बसले होते तिथे पळसाच्या पानावर लापशीचा घास ठेवलेला होता.

रात्री जीपमधून परतताना मी डोळे मिटून घेतले. मानोऱ्याच्या अलीकडे मैत्रिणीने कोपराने ढोसले.

“प्रार्थना करतेस की झोपलीस?”

मलाही नीट सांगता आले नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि ती दिवसभराचे काय काय सांगत होती ते वाशिम येईपर्यंत ऐकत राहिले.